प्रायश्चित्तकाळाचा घरगुती संच: पत्ते उत्तम, तक्त्याचं गणित कच्चं

ईस्टरआधी कॅथलिक घरांत पाळल्या जाणाऱ्या प्रायश्चित्तकाळासाठी (लेंटसाठी) हा तीन वस्तूंचा संच आहे. भिंतीवर लावायचा ४० चौकटींचा तक्ता, क्रुसाच्या वाटेचे (येशूच्या शेवटच्या प्रवासातली कबरेपर्यंतची स्थानं दाखवणारे) १४ पत्ते आणि घडी घालून उभी करायची पुठ्ठ्याची दानपेटी. सोबत चार पानी माहितीपत्रक. पत्त्यांसाठी घ्यावा, बाकीच्या गोष्टींना थोडी डागडुजी लागते.

तक्त्यापासून सुरुवात करू, कारण गोंधळ तिथेच आहे. राखेच्या बुधवारपासून (या काळाचा पहिला दिवस) पवित्र शनिवारपर्यंत (ईस्टरचा आदला दिवस) दिवस भरतात ४६. त्यातले सहा रविवार उपवासाच्या मोजणीत धरत नाहीत, म्हणून ४०. ही गोष्ट तक्त्यावर कुठेच छापलेली नाही. मुलांनी रोज एक चौकट रंगवली तर चाळिसावी बरोबर झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, संपते आणि पवित्र सप्ताहाला (शेवटच्या आठवड्याला) एकही चौकट उरत नाही! उपाय सोपा आहे: रंगीत कागदाचे सहा गोल कापून ४, १०, १६, २२, २८ आणि ३४ या चौकटींनंतर चिकटवायचे. चौथा गोल गुलाबी, सहावा लाल, बाकीचे जांभळे. मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) धर्मगुरूंच्या झग्याचा रंग बदलला की मुलांना तो तक्त्यावरही सापडतो.

तक्त्यावर तारखा नाहीत, हे चांगलं. राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांत कधीही येतो, त्यामुळे तक्ता दरवर्षी चालतो. पण माहितीपत्रकात १९ आणि २५ मार्चचे सण मात्र ठोकून बसवलेत. २०२७ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी १९ मार्च, संत जोसेफचा सण, शुक्रवारी येतो. महासण (सर्वांत वरच्या दर्जाचा सण) असल्याने त्या शुक्रवारी मांसवर्ज्याचं (मांस न खाण्याचं) बंधन नाही, तेव्हा ३३ व्या चौकटीवर मांसवर्ज्याची खूण म्हणून माशाचं स्टिकर लावायचं कारण नाही. २५ मार्चला तर पवित्र गुरुवार (गुड फ्रायडेचा आदला दिवस) आहे, म्हणून त्या तारखेचा देवदूताच्या निरोपाचा सण (मरियेला येशूच्या जन्माची वार्ता मिळाल्याचा) ५ एप्रिलला सरकतो. हे दरवर्षी आपलं आपणच तपासायला हवं.

पत्रकातली खरी चूक वयाची. उपवास आणि मांसवर्ज्य एकच समजून दोन्हींसाठी १४ वर्षं लिहिली आहेत. नियमाप्रमाणे १४ पूर्ण झाल्यावर मांसवर्ज्य लागू होतं. उपवास १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत, तोही सक्तीचा फक्त राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला: एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होता कामा नये. शुक्रवारच्या मांसवर्ज्याऐवजी आपल्या देशाच्या बिशप परिषदेने दुसरं काही ठरवलं असेल तर ते पाळायचं. पंधरा वर्षांच्या मुलाला उपाशी ठेवणारं पत्रक सरळ बाजूला ठेवावं.

चौकटींतल्या कामांबद्दल एवढंच, की जवळजवळ सगळी ‘हे सोडा, ते सोडा’ अशी आहेत. प्रार्थना आणि दानधर्म नावापुरते. कोरे स्टिकर मिळतात, त्यांनी अर्ध्या चौकटी झाका.

आता पत्ते. कागद जाड, चित्रं शांत, रक्तबंबाळ नाहीत. मागे चार ओळींचं चिंतन आणि मुलांना विचारायचा एक प्रश्न. चौदाही स्थानं एका बैठकीत घेतली तर लहान मुलं सातव्या-आठव्यालाच चुळबुळ करतात. या काळात गुड फ्रायडे धरून सात शुक्रवार येतात. दर शुक्रवारी दोन पत्ते घेतले की क्रुसावरून उतरवणं आणि कबरेत ठेवणं ही शेवटची दोन स्थानं नेमकी गुड फ्रायडेला येतात. आकडे रोमन आहेत, तेवढे मागे पेन्सिलीने नेहमीचे लिहून ठेवा. पत्ते सांडले की लावताना हमखास घोळ होतो.

दानपेटीचा तळ नुसत्या खाचेवर उभा आहे, नाण्यांचं वजन झालं की सुटतो. घडी घालण्याआधी आतून रुंद चिकटपट्टी लावा, नंतर हात आत जात नाही. फटही अरुंद, नोट चार घड्या घातल्याशिवाय शिरत नाही. ब्लेडने दोन मिलिमीटर वाढवा. पेटी ईस्टरला उघडा असं छापलंय, पण पवित्र गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्साला गरिबांसाठीची दानं वेदीकडे नेता येतात. आपल्या चर्चमध्ये तशी पद्धत असेल तर पेटी बुधवारी रात्रीच बंद करून ठेवा.