एमआरआयमध्ये डाग, एमएसची शंका: पाठीतलं पाणी आत्ता तपासावं की काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करावा?

रिपोर्टच्या शेवटी ‘टी-टू फ्लेअर हायपरइंटेन्सिटीज, डिमायलिनेशनची शक्यता, क्लिनिकली कोरिलेट करा’ अशी ओळ असते आणि घरात तीच ओळ दहादा वाचली जाते. तिचा अर्थ एवढाच, की मेंदूच्या पांढऱ्या भागात काही ठिपके उजळ दिसले आणि ते कशाने आले हे नुसत्या चित्रावरून ठरलेलं नाही. उजळ दिसतं ते तिथलं पाणी वाढल्यामुळे. मग ती ताजी सूज असेल, जुना व्रण असेल, नाहीतर मज्जातंतूवरचं मायलिनचं आवरण गेलेलं असेल (यालाच डिमायलिनेशन म्हणतात). फ्लेअर या प्रकारच्या एमआरआय चित्रात तिन्ही सारखेच पांढरे. म्हणून डाग किती आहेत यापेक्षा ते कुठे आहेत आणि कसे आहेत हे आधी बघायचं.

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच हे आवरण खराब करते. एमएसचे डाग बहुधा लांबट-अंडाकृती आणि ३ मिलिमीटरपेक्षा मोठे असतात. मेंदूच्या मधल्या पाण्याच्या पोकळ्यांना ते चिकटलेले आणि काटकोनात उभे असतात. बाजूने घेतलेल्या चित्रात ते केळीच्या फणीसारखे एकाच कडेवरून निघालेले दिसतात. जेम्स डॉसन यांनी १९१६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, त्यावरून ‘डॉसनची बोटं’ हे नाव पडलं. कारण सरळ आहे: ही सूज बारीक शिरांभोवती धरते आणि तिथल्या शिरा त्याच दिशेने जातात. याशिवाय मेंदूच्या सालीला अगदी लागून, मेंदूच्या देठात, लहान मेंदूत आणि मणक्यातल्या रज्जूत हे डाग सापडतात.

बीपी, शुगर, तंबाखू, मायग्रेन किंवा नुसत्या वयाचे ठिपके वेगळे. ते लहान, गोलसर आणि दोन्ही बाजूंना विखुरलेले असतात. पोकळी आणि साल या दोन्हींपासून सुटलेले, अधल्यामधल्या जागेत. दोन अर्धगोलांना जोडणारा पट्टा, म्हणजे कॉर्पस कॅलोसम, ते सहसा सोडून देतात. पन्नाशीनंतर असे चार-पाच ठिपके निघणं अगदी नेहमीचं आहे. पण वय आणि बीपी रज्जूत असे डाग पाडत नाहीत. त्यामुळे रज्जूतला एक खात्रीचा डाग मेंदूतल्या दहा मोघम ठिपक्यांपेक्षा जास्त सांगून जातो.

आपल्याकडे आणखी तीन गोष्टी बाजूला काढाव्या लागतात. टीबीची गाठ आणि सिस्टिसर्कोसिस (मेंदूतली फीतकृमीची अळी) यांत स्कॅनच्या वेळी नसेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शननंतर पूर्ण बंद कडं दिसतं, भोवती सूज असते आणि पहिली तक्रार बऱ्याचदा फिट येण्याची असते. एमएसमध्ये कडं दिसलंच तर ते अनेकदा एका बाजूने उघडं असतं. दुसरी गोष्ट बी१२ची कमतरता. माळकरी, शाकाहारी घरांत ती सर्रास सापडते आणि तिनेही पाय बधिर होतात, चालताना तोल जातो. मुंग्या येतात म्हणून गावातच बी१२ची इंजेक्शनं घेतली असतील तर ते न्यूरोलॉजिस्टना आधी सांगा, कारण त्यानंतर रक्तातली पातळी भरलेली दिसते आणि खरं कारण झाकलं जातं. तिसरी गोष्ट एनएमओ, म्हणजे डोळ्याची नस आणि रज्जू यांना धरणारा वेगळा आजार. यात रज्जूतला डाग सलग तीन किंवा अधिक मणक्यांएवढा लांब असतो, तर एमएसचा दोन मणक्यांच्याही आत संपतो. हा फरक फार महत्त्वाचा, कारण एमएसची काही औषधं एनएमओ वाढवतात. अशा वेळी एक्वापोरिन-४ आणि मॉग या अँटीबॉडी रक्तात तपासतात. तपासणी सेल-बेस्ड पद्धतीची आहे ना, हे लॅबला विचारून घ्या.

आता मूळ प्रश्न. एमएसचं निदान ज्यांवरून करतात त्या २०१७च्या मॅकडोनल्ड निकषांनुसार दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. एक जागेची: पोकळीभोवती, सालीजवळ, मेंदूच्या देठात वा लहान मेंदूत, आणि रज्जूत, या चारपैकी किमान दोन ठिकाणी डाग. दुसरी काळाची: सगळं एकाच वेळी झालेलं नाही. २०२४च्या सुधारणेत डोळ्याची नस हे पाचवं ठिकाण धरलं गेलं आणि काळाची अट पूर्वीइतकी सक्तीची राहिली नाही. २०१७च्या निकषांत काळाचा पुरावा तीन वाटांनी मिळतो: पुढच्या स्कॅनमध्ये नवा डाग, एकाच स्कॅनमध्ये इंजेक्शनने उजळणारा ताजा आणि न उजळणारा जुना डाग सोबत दिसणं, किंवा पाठीतल्या पाण्यात (मेंदू आणि रज्जूभोवतीच्या द्रवात) ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या प्रथिनांच्या पट्ट्या. म्हणजे पाण्याची तपासणी ही थांबण्याऐवजीची वाट आहे. दोन्हींची तुलना तिथून सुरू करावी.

पाणी काढताना सुई कमरेत, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये जाते. रज्जू त्याच्या बऱ्याच वर संपलेली असते, त्यामुळे ‘सुईने पाय जातात’ ही भीती मनातून काढा. खरा त्रास होतो डोकेदुखीचा: उठून बसलं की वाढते, आडवं झालं की उतरते. बारीक, बोथट टोकाची सुई वापरली तर तो धोका बराच कमी होतो, म्हणून तशी सुई आहे का हे आधी विचारावं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगायची. तपासणी वाया जाते ती मात्र दुसऱ्याच कारणाने. पाणी फक्त पेशी, प्रोटीन, साखर आणि टीबीसाठी जातं आणि बँडची तपासणी फॉर्मवर लिहायचीच राहते. किंवा त्याच वेळचं रक्त सोबत पाठवलं जात नाही. बँड पाण्यात आहेत आणि रक्तात नाहीत, अशी जोडीनेच तुलना करायची असते, त्यामुळे एकट्या पाण्याचा उपयोग नाही. बँड निघाले नाहीत तरी एमएस नाही असा अर्थ होत नाही.

पुन्हा स्कॅन करण्यात सुई नाही, पण तीन ते सहा महिने जातात. शिवाय दोन्ही स्कॅन खरोखर जुळवता आले पाहिजेत. पहिला ५ मिलिमीटरच्या कापांचा आणि दुसरा ३चा असेल तर जुनेच ठिपके नवे वाटतात. म्हणून शक्यतो तेच मशीन, तेच सेटिंग, आणि फिल्मसोबत सीडी हवीच. इंजेक्शनने डाग उजळतो तो साधारण दोन ते आठ आठवडेच, आणि सलाइनमधून स्टिरॉइड दिलं की उजळणं लवकर विझतं. त्यामुळे डोळ्याची नजर कमी होणं किंवा पायात अशक्तपणा अशा एमएसच्या झटक्यात (फिट नव्हे) स्कॅन शक्य असेल तर स्टिरॉइडच्या आधी करावा. त्यासाठी उपचार मात्र लांबवू नयेत. इंजेक्शनपूर्वी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघितलेलं असावं.

आमचं मत असं: खरा झटका येऊन गेला असेल आणि डाग एमएसच्या जागी असतील तर सहा महिने थांबू नये, पाणी तपासून घ्यावं. औषध जितकं लवकर तितकी पुढची हानी कमी. झटका नाही, ठिपके विखुरलेले, बीपी किंवा मायग्रेन आहे, तर पुन्हा स्कॅनची वाट बघणं बरं. मधली अवस्था अवघड: स्कॅन डोकेदुखीसाठी केला आणि डाग मात्र अगदी एमएससारखे निघाले. अशा लोकांपैकी साधारण तिघांतल्या एकाला पाच वर्षांत पहिला झटका येतो. इथे रज्जूचा स्कॅन आणि पाण्याची तपासणी मिळून पुढचा अंदाज बांधता येतो.

दोन्हींच्या आधी एक काम उरकायचं: पहिला स्कॅन अर्धवट असेल तर तो पूर्ण करणं. पुष्कळदा फक्त मेंदूच झालेला असतो, तोही इंजेक्शनशिवाय. जळगाव-धुळ्याचं १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) मशीन या कामाला चालतं. थ्री टेस्लासाठी नाशिक-मुंबई किंवा नंदुरबारहून सुरत गाठण्यापेक्षा तोच पैसा मान आणि पाठीच्या रज्जूच्या स्कॅनला लावावा. बाजूने घेतलेली, ३ मिलिमीटरची फ्लेअर चित्रं मागावीत. मग ती सीडी घेऊन मोठ्या शहरात एकदा न्यूरोलॉजिस्टना दाखवावी, रिपोर्टचा कागद नुसता नको.

तोवर नोंद ठेवा: तारीख, कोणती बाजू, किती तास. झटका म्हणजे ताप नसताना किमान २४ तास टिकलेली तक्रार. वैशाखात भुसावळकडे पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा शेतातून आल्यावर जुनीच मुंगी परत जाणवेल, डोळ्याला धूसर दिसेल. अंग गार झाल्यावर ते जात असेल तर नवा डाग नव्हे; तापलेल्या अंगात आवरण गेलेल्या नसेतून संदेश अडखळतो, एवढंच. पण डोळा हलवताना दुखून नजर कमी होत गेली, पाय उचलेनात किंवा लघवी अडली, तर ठरलेल्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि सीडी सोबत घ्या.