इन्फ्रारेड फोटोग्राफीची सुरुवात: आहे त्या कॅमेऱ्याला फिल्टर, की कन्व्हर्ट केलेला कॅमेरा?

इन्फ्रारेड फोटो काढायची ओढ लागली की पहिला प्रश्न पैशांचा येतो. हातातल्या कॅमेऱ्याला काळा फिल्टर लावून काम भागेल, की वेगळा कॅमेरा घेऊन तो कन्व्हर्ट करून घ्यायचा? माझं मत आधीच सांगतो. या प्रकारात मन रमेल की नाही याची खात्री नसेल तर फिल्टर घ्या. खात्री असेल तर फिल्टरवर पैसे न घालता जुना मिररलेस कॅमेरा (आत आरसा नसलेला, सेन्सरवरचंच चित्र दाखवणारा) कन्व्हर्ट करून घ्या. पण दोन्हींत नेमका फरक काय पडतो, ते समजून मगच ठरवावं.

आपल्या डोळ्यांना साधारण 400 ते 700 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. डिजिटल कॅमेऱ्याच्या सिलिकॉन सेन्सरला त्यापलीकडचा, जवळपास 1100 नॅनोमीटरपर्यंतचा इन्फ्रारेड प्रकाशही जाणवतो. फोटोतले रंग बिघडू नयेत म्हणून कंपन्या सेन्सरसमोर एक काच बसवतात आणि ती इन्फ्रारेड अडवते. कन्व्हर्ट करणं म्हणजे ही काच काढून तिथे दुसरी बसवणं. (शरीराची उष्णता दाखवणारे थर्मल कॅमेरे हे वेगळंच प्रकरण आहे. ते याच्या दहापट लांब तरंगलांबीवर काम करतात.)

हिरवी पानं या फोटोंत बर्फासारखी पांढरी येतात, कारण हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं, पण इन्फ्रारेडला अडवत नाही. पानातल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या तो प्रकाश परत फेकतात. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने 1910 मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले आणि या परिणामाला त्यांचंच नाव मिळालं. निरभ्र आकाशातून येणाऱ्या प्रकाशात इन्फ्रारेड फार कमी असतो, म्हणून आकाश काळवंडतं. पाणीही गडद दिसतं.

फिल्टरचा मार्ग

लेन्सच्या तोंडावर 720 नॅनोमीटरचा, म्हणजे साधारण त्याखालच्या तरंगलांबीचा प्रकाश अडवणारा, फिल्टर लावायचा. होया कंपनीचा आर72 हा त्यातला सर्वांत परिचित. अडचण अशी की फिल्टर दिसणारा प्रकाश अडवतो आणि कॅमेऱ्यातली काच इन्फ्रारेड अडवते. दोघांमधून सेन्सरपर्यंत पोहोचतो तो जेमतेम कवडसा. भर उन्हातसुद्धा एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत जातं. म्हणजे ट्रायपॉड आलाच. आधी फ्रेम आणि फोकस ठरवायचा, मग फिल्टर चढवायचा, कारण नंतर व्ह्यूफाइंडरमधून काहीच दिसत नाही. वारा असेल तर पानांचा लगदा होतो. माणसांचे फोटो जवळपास अशक्य.

तरी हा मार्ग टाकाऊ नाही. वाऱ्याशी देणंघेणं नसलेले विषय, म्हणजे दगडी मंदिरं, वाडे, किल्ल्यांची तटबंदी, यांत तो चांगला चालतो. लांब एक्स्पोजरमुळे नदीचं पाणी गुळगुळीत होतं आणि ढग ओढल्यासारखे येतात. हा परिणाम मुद्दाम हवा असणारेही असतात.

फिल्टर घेण्याआधी घरी एक चाचणी करा. अंधाऱ्या खोलीत टीव्हीचा रिमोट लेन्सकडे रोखून बटण दाबा आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पाहा. रिमोटचा इन्फ्रारेड दिवा ठळक दिसला तर तुमच्या कॅमेऱ्यातली काच ढिली आहे, म्हणजे बराच इन्फ्रारेड आत सोडते, आणि फिल्टरवर बरंच काम होईल. अगदी पुसट दिसला किंवा दिसलाच नाही, तर फिल्टरवरचा खर्च वाचवा. निकॉन डी70 सारखे 2004 च्या सुमाराचे काही जुने कॅमेरे या बाबतीत उदार आहेत. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत ही काच चांगलीच कडक असते.

कन्व्हर्ट केलेला कॅमेरा

इथे सगळं बदलतं. उन्हात हातात धरून, नेहमीच्या शटर स्पीडने फोटो निघतात. चालणारी माणसं, उडणारे पक्षी, हलत्या फांद्या, सगळं टिपता येतं. मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच वाटते: मिररलेस कॅमेऱ्यात तुम्ही इन्फ्रारेडमध्ये *पाहत* फिरता. कोणतं झाड उजळतंय, कोणती भिंत मंद पडतेय, हे शटर दाबण्याआधी दिसतं, आणि नजर फार लवकर तयार होते. फिल्टर लावून अर्धा मिनिट थांबणाऱ्याला हे शिकायला कितीतरी जास्त काळ लागतो.

किंमत मोजावी लागते ती अशी: वॉरंटी जाते, तो कॅमेरा साध्या फोटोंना उपयोगी राहत नाही आणि काम करणाऱ्याचा हात स्वच्छ नसेल तर सेन्सर आणि काचेमध्ये धूळ कायमची अडकते. म्हणून रोजच्या वापराचा कॅमेरा यासाठी देऊ नका. अमेरिकेतल्या कोलारी व्हिजन किंवा लाइफ पिक्सेल यांसारख्या कंपन्या हेच काम करतात, पण कॅमेरा परदेशी पाठवायचा तर कुरिअर आणि कस्टम्सची कागदपत्रं यांचा हिशेब आधी करा. कन्व्हर्ट केलेलाच सेकंडहँड मिळाला तर बरेचदा स्वस्त पडतो. घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचा विचार मात्र सोडा. फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यातला कॅपॅसिटर जोरदार झटका देऊ शकतो.

डीएसएलआर की मिररलेस? मिररलेस, फारसा विचार न करता. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, फोकस आणि मीटरिंग (प्रकाश मोजणं) वेगळ्या सेन्सरवर चालतं. इन्फ्रारेडचा फोकस थोडा सरकतो, म्हणून कॅमेरा एखाद्या लेन्सपुरता जुळवून घ्यावा लागतो किंवा कायम लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर पाहत, काम करावं लागतं. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच होतो, त्यामुळे हा प्रश्न उरत नाही.

काच कोणती?

खरा घोळ इथे होतो. 590 नॅनोमीटरच्या काचेतून नारिंगी-लाल प्रकाशही आत येतो. फोटोशॉपमध्ये लाल आणि निळा चॅनल (फोटोतले त्या रंगांचे थर) अदलाबदल केले की आकाश निळं आणि पानं सोनेरी होतात. 720 मध्ये रंग फिके राहतात आणि कृष्णधवल फोटो उत्तम होतो. 850 मध्ये रंग उरतच नाही, काळं-पांढरं करकरीत येतं. 590 च्या कॅमेऱ्यावर बाहेरून 720 किंवा 850 चा फिल्टर लावता येतो. 850 च्या कॅमेऱ्याला 590 कधीच करता येत नाही.

फुल स्पेक्ट्रम या प्रकारात साधी पारदर्शक काच बसवतात आणि हवा तो फिल्टर बाहेरून लावायचा. रात्रीच्या आकाशाचे फोटोही काढणाऱ्यांना हाच घ्या म्हणेन, कारण तेजोमेघांचा 656 नॅनोमीटरचा लाल प्रकाश त्यात पुरेपूर येतो. बाकीच्यांना प्रत्येक लेन्सच्या मापाचा फिल्टर घेत बसणं जड जातं. नवख्याने 720 घ्यावा. सोनेरी पानांचा सोस पहिल्या महिन्यात असतो तेवढा पुढे टिकत नाही. काळ्या दगडाच्या घाटाशेजारी उभा पांढराशुभ्र वड मात्र जुना होत नाही. रंगांतच जीव असेल तर 590 घ्या, त्यात चूक काही नाही.

विषय निवडतानाही सवय बदलावी लागते. मेणवलीचा घाट, सिन्नरचं गोंदेश्वर, जुन्या गोव्यातली चर्च आणि भोवतीचे माड, ही इन्फ्रारेडची ठिकाणं. कासच्या पठारावर फुलांसाठी हा कॅमेरा नेऊ नका; पाकळ्या बहुतेक सगळ्या फिकट येतात आणि फुलांचं सगळं वैभव हरवतं. दूरच्या डोंगरांवरचा विरळ धूसरपणा इन्फ्रारेड बराच कापतो, पण महाबळेश्वरचं दाट धुकं नाही. पाऊस सरल्यावर भरल्या पानांवर पडणारं ऑक्टोबरचं दुपारचं ऊन, जे एरवी फोटोग्राफर टाळतात, ते इथे सर्वांत कामाचं.

दोन्ही मार्गांना लागू अशा काही गोष्टी. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, उन्हातल्या हिरव्या गवतावर सेट करा, नाहीतर सगळा फोटो लालभडक येईल. फोटो सुधारायच्या लाइटरूम सॉफ्टवेअरमधला व्हाइट बॅलन्सच्या तापमानाचा स्लायडर 2000 केल्व्हिनच्या खाली जात नाही, म्हणून तिथे कॅमेऱ्याचं वेगळं प्रोफाइल (त्याचे रंग कसे वाचायचे ते सांगणारी फाइल) बनवून घ्यावं लागतं. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, एफ/8 च्या आसपास ठेवा (आकडा मोठा तितकं छिद्र लहान). तरंगलांबी मोठी असल्याने एफ/16 वर फोटो नेहमीपेक्षा जास्त मऊ पडतो.

आणि लेन्स. काही लेन्स इन्फ्रारेडमध्ये फोटोच्या मधोमध उजळ डाग पाडतात, साध्या फोटोंत त्या कितीही सुंदर असल्या तरी. अ‍ॅपर्चर जितकं लहान तितका डाग ठळक. लेन्स महाग असली म्हणजे सुटली असं नाही, आणि कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या कित्येक साध्या किट लेन्स यात निर्दोष निघतात. सेकंडहँड कन्व्हर्ट केलेला कॅमेरा पाहायला जाताना आपली लेन्स सोबत न्या, एफ/11 वर आकाशाचा एक फोटो काढा, तो तिथेच मोठा करून मधला भाग तपासा. त्याच फोटोत सेन्सरवर अडकलेली धूळही दिसेल.