40,450 रुपयांची मुदत संपलेली पावडर

चौदा वर्षं फूड लॅब चालवते, एम.एस्सी. मायक्रो आहे, आणि तरी फसले. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

एप्रिलअखेर नेहमीच्या डीलरकडे व्हीआरबीए, म्हणजे प्लेटवर जिवाणू वाढवायचा पावडरीतला मीडिया, संपलं. दुधा-पनीरातले कोलिफॉर्म, म्हणजे अस्वच्छतेची खूण असलेले जिवाणू, मोजायला त्याशिवाय भागत नाही. तेवढ्यात एका ऑनलाइन विक्रेत्याचा फोन: नामांकित कंपनीचा सीलबंद माल, दर 35 टक्के कमी, पैसे मात्र आधी. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. 500 ग्रॅमच्या आठ बाटल्या व्हीआरबीए 3,150 प्रमाणे, सहा मॅकॉन्की (तसाच दुसरा मीडिया) 2,400 प्रमाणे, गाडीभाडं 850. एकूण 40,450. हावरटपणा नव्हता हो, नमुने फ्रीजमध्ये ताटकळत होते. बरं, थोडा होता.

कळायला हवं होतं पहिल्याच बाटलीला. चमचा आत जाईना. चांगली पावडर सुटी असते. ही पावसाळ्यातल्या मिठासारखी धरलेली. आणि मी काय केलं? चमच्याच्या दांड्याने ढेकळं फोडली! लेबलाचा कोपरा उचललेला, खाली दुसऱ्या लेबलाची निळी कड. दिसली. सीओएवर, म्हणजे मालाच्या तपासणी दाखल्यावर, दोन्ही मीडियांना एकच लॉट नंबर. तोही वाचला. वर घाईत ई. कोलाय या कोलिफॉर्मचा पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे मीडिया चालतो का हे बघायची प्लेट, लावला नाही. हे लिहिताना अजून कान तापतात. कंट्रोलशिवाय एक प्लेट लावू नका, गिऱ्हाईक दारात बसलं तरी.

दुसऱ्या दिवशी प्लेटा कोऱ्या. मे महिन्यातलं सुटं पनीर आणि एक ठिपका नाही! मी खुशाल रिपोर्ट दिला. आठवड्याने गिऱ्हाईक दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट नाचवत हजर. तोवर डीलरचा माल आला होता. दोन्हींवर एटीसीसी 25922, म्हणजे ई. कोलायचा प्रमाणित वाण, लावला. डीलरच्या मीडियावर जांभळट-लाल वसाहतींनी प्लेट भरली, माझ्या स्वस्त मालावर चार फिकट टिकल्या. लॉट नंबर कंपनीला मेल केला. त्याच दिवशी उत्तर: मुदत 2022 मध्येच संपली. हा मेल पैसे देण्याआधी करायचा असतो.

पोलीस ठाण्यात सुरुवातच "अगर म्हणजे चायना ग्रास ना?" इथून. अर्धा तास बॅक्टेरिया समजावले. मग, "माल मिळाला ना मॅडम? हा दिवाणी वाद." दुसऱ्या कचेरीत सांगितलं, मीडिया हे अन्न नाही. अहो, मी तरी कुठे खायला आणलं होतं! बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकीलच म्हणाले, धंद्यासाठी घेतलेला माल तिथे सहसा बसत नाही. तीन आठवडे, पाच खेटे, आणि प्रत्येक टेबलावर तीच झेरॉक्स मागितली. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्याच दिवशी फोन करा. मी नवव्या दिवशी केला, तोवर विक्रेत्याचं खातं रिकामं. बाटली उघडताना व्हिडिओही काढा, नाहीतर ढेकळं तुमच्याच लॅबमध्ये झाली म्हणतात. मला म्हणाले.

पनीरवाल्याचे 6,400 परत केले. तो आता फोन उचलत नाही. फोडलेली एक सोडून तेरा बाटल्या कपाटात आहेत, लाल पेनाने "वापरू नये" लिहून. पुरावा म्हणून जपून ठेवा म्हणाले होते. न्यायला कोणी आलेलं नाही.