प्रवासात गोल्फ कोर्स शोधून देणारं ॲप: आठ महिने वापरल्यावर

5 पैकी 3.5. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या वर्गातली तीन-चार ॲप एकाच साच्यातली आहेत आणि खोटही सगळ्यांत तीच. जवळचे कोर्स, स्कोअरकार्ड, ग्रीनपर्यंतचं (चेंडूचं भोक असतं त्या बारीक कापलेल्या हिरवळीपर्यंतचं) अंतर आणि लोकांनी दिलेले तारे, एवढा ऐवज मिळतो. अंतराचं काम चोख आहे. ‘इथे जाण्यात अर्थ आहे का’ याचं उत्तर मात्र ॲपकडे नाही, ते दुसरीकडून काढावं लागतं.

पहिली अडचण मुंबईतच दिसते. शोध टाकला की ताडदेवचा विलिंग्डन, चेंबूरचा प्रेसिडेन्सी, कुलाब्याचा यूएस (युनायटेड सर्व्हिसेस) क्लब आणि खारघरचा सिडकोचा कोर्स एका रांगेत येतात, जणू चारही ठिकाणी पैसे भरले की टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) उभं राहता येतं. प्रत्यक्षात बाहेरच्याला सरळ पैसे भरून खेळता येतं ते खारघरला. बाकी तिन्हीकडे सदस्य तरी हवा, नाहीतर सदस्याचा पाहुणा. परगावीही हेच होतं. कँटोन्मेंटच्या हद्दीतला कोर्स बहुतेक वेळा सैन्याचा असतो, तिथे नागरिकाला आधी परवानगी लागते. ओळखपत्र दाखवून फाटक उघडेल या भरवशावर जाऊ नये. जुन्या क्लबांत आपल्या क्लबाशी संलग्नता आहे का ते पाहायचं आणि आपल्या सेक्रेटरीच्या सहीचं ओळखीचं पत्र निघायच्या आठवडाभर आधी मागून ठेवायचं. क्लबाचं सदस्यत्वच नसेल तर रिसॉर्टचे आणि सरकारी कोर्स उरतात. दिल्लीत डीडीएचा (दिल्ली विकास प्राधिकरणाचा) कुतुब गोल्फ कोर्स त्यासाठी सोयीचा.

ताऱ्यांवर विसंबू नका. अर्धे तारे क्लबहाउसच्या बिर्याणीला आणि लॉनवरच्या लग्नाला मिळालेले असतात. ‘गोल्फ’ शब्द असलेली ड्रायव्हिंग रेंज (फटक्यांच्या सरावाची जागा) आणि मॉलमधलं मिनी गोल्फही यादीत घुसतं.

त्यापेक्षा उपग्रहाचं चित्र उघडा आणि ग्रीन मोजा. फेअरवेपेक्षा (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यापेक्षा) वेगळ्या छटेचा, नीट कापलेला गोल आणि आजूबाजूला बंकरचे (वाळूच्या खड्ड्यांचे) पांढरे-पिवळे ठिपके, म्हणजे ग्रीन. स्कोअरकार्डावर 18 होल आणि चित्रात 9 ग्रीन दिसल्या, तर तेच नऊ होल वेगळ्या टीवरून दोनदा खेळायचे आहेत. गोव्यात राजबागच्या द ललित रिसॉर्टला असंच आहे. ही फसवणूक नव्हे, पण दोन दिवस तिथेच काढायचे असतील तर आधी माहीत असलेलं बरं. गोलाचा रंग हिरव्याऐवजी काळपट तपकिरी दिसला तर ते ब्राउन, म्हणजे तेल मिसळून दाबलेली वाळू. पाण्याची टंचाई असलेल्या छोट्या गावांत ते अजून सापडतात. एकदा मजेखातर ठीक, पण नवा पटर (ग्रीनवर चेंडू ढकलायची काठी) घेऊन तिथे जाऊ नये. डेस्कटॉपवरच्या गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं बघता येतात. त्यातलं एप्रिल-मेचं काढा. उन्हाळ्यात फेअरवे करपलेले आणि फक्त ग्रीन हिरवी, म्हणजे पाणी तेवढ्यापुरतंच आहे. तसा कोर्स डिसेंबरात सुरेख असतो, मार्चनंतर चेंडू डांबरी रस्त्यावर पडल्यासारखा उडतो.

स्कोअरकार्डात बहुतेक जण पार (कोर्सचे ठरलेले फटके) आणि यार्ड बघून पान मिटतात. बघायचं ते कोर्स रेटिंग (पट्टीच्या खेळाडूला किती फटके लागावेत) आणि स्लोप (साधारण खेळाडूला कोर्स त्यामानाने किती जड जातो). स्लोप 55 ते 155 मध्ये असतो, 113 हा प्रमाण धरलेला आकडा. हँडिकॅप इंडेक्सला (खेळाडूच्या कौशल्याचा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) स्लोपने गुणून 113 ने भागायचं आणि त्यात रेटिंग व पार यांतला फरक मिळवायचा. इंडेक्स 18 असलेल्याला स्लोप 130, रेटिंग 71.5, पार 72 असलेल्या कोर्सवर 20 फटक्यांची सूट मिळते. स्लोप 115, रेटिंग 68.5, पार 70 असेल तर 17. ॲप हे गणित आपोआप करतं, पण कोणत्या रंगाची टी निवडली आहे (रंगागणिक अंतर बदलतं) ते तपासा. काही कोर्सना ते मुकाट्याने सर्वांत मागची टी धरतं. रेटिंगचा रकाना रिकामा दिसला तर तिथला हँडिकॅपचा आकडा सोडून द्या.

यानंतर एक फोन, आणि तो रिसेप्शनला नाही. स्टार्टरला (खेळाडूंना पाळीने सोडणाऱ्याला) किंवा कॅडी मास्टरला (पिशवी वाहणाऱ्या मदतनिसांच्या, म्हणजे कॅडींच्या, प्रमुखाला) जोडून मागायचा. विचारायचं एवढंच: त्या दिवशी कोर्स बंद आहे का (बऱ्याच क्लबांत सोमवार देखभालीचा), कुठल्या कंपनीची स्पर्धा आहे का, ग्रीनला भोकं पाडून वाळू भरली आहे का आणि सगळ्या ग्रीन चालू आहेत का. भोकं नुकतीच पाडली असतील तर दोन-तीन आठवडे पट (ग्रीनवर घरंगळवलेला चेंडू) उड्या मारत जातो. ग्रीन फी (खेळायचं शुल्क) मात्र तेवढीच लागते.

शेवटच्या प्रश्नाचं महत्त्व पावसाळ्यात कळतं. जून ते सप्टेंबर आपल्या पट्ट्यात ग्रीन चिखलली की तात्पुरती ग्रीन फेअरवेवर आखतात. ॲपला त्याचा पत्ता नसतो. पडद्यावर ग्रीनच्या मध्यापर्यंत 140 यार्ड दिसतं, झेंडा मात्र 30 यार्ड अलीकडे रोवलेला असतो, आणि 140 च्या हिशेबाने मारलेला चेंडू मागच्या झाडीत. अशा दिवशी लेझर रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) किंवा कॅडी, दोघांपैकी एकाचंच ऐकावं. कॅडी फुकट सल्ला देतो, पण टिपसाठी सुटे पैसे जवळ ठेवा.

डोंगरातल्या कोर्सवर आणखी एक गोष्ट सांभाळायची. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे. विरळ हवेत चेंडू ढोबळ हिशेबाने 10 टक्के जास्त जातो, म्हणजे 150 यार्ड मारणारी क्लब (काठी) 165 ला पोचते. उंचीचा हा हिशेब ॲपच्या सेटिंगमध्ये असतो, पण बंद ठेवलेला. शिवाय बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही. कोर्सचा नकाशा मुंबईत वायफायवर उतरवून घ्या, नाहीतर पहिल्या टीवर कोरा पडदा बघत बसाल.

लांबीवरून किंवा ताऱ्यांवरून क्रम लावणं निरर्थक वाटतं. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता 1829 चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब. हैदराबादला गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात तटबंदीच्या आत खेळता येतं. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर जुन्या मकबऱ्यांमधून वाट काढायची आणि झुडपांमुळे ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) पिशवीतच ठेवायचा. यातलं काहीही यादीत ‘4.3’च्या पुढे बोलत नाही. म्हणून आधी कोर्स ठरवा आणि ॲप अंतरापुरतं वापरा. त्यासाठी फुकटची आवृत्ती पुरते. वार्षिक वर्गणीत जास्तीचं मिळतं ते ग्रीनच्या उताराचे नकाशे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच कोर्सना ते उपलब्धच नाहीत.

बॅटरी: पडदा सतत चालू ठेवला तर साडेचार तासांच्या फेरीत जुना फोन चौदाव्या होलच्या आसपास मान टाकतो. फटक्यानंतर पडदा बंद करा किंवा घड्याळावरची आवृत्ती वापरा. पॉवर बँक हातातल्या सामानात न्या, चेक-इनमध्ये चालत नाही. तिकीट काढतानाच गोल्फ किटचं वजन आणि नियम वाचा. पिशवी, शूज आणि चेंडू धरून किट सहज 15 किलोला टेकतं, आणि देशांतर्गत स्वस्त तिकिटावर बहुधा तेवढीच सवलत असते.