टेम्पोला पीयू सांगून एनसी मारतात: रंगात पैसे कुठे बुडतात

मालवाहू गाडी 8 वर्षांची झाली की फिटनेस, म्हणजे आरटीओचं पासिंग, दरवर्षी करावं लागतं. पासिंगची तारीख आठवड्यावर आलेला टेम्पोवाला किती घाईत असतो, हे पेंटरला बरोबर ठाऊक असतं. ‘फुल बॉडी, पीयू, 4 दिवसांत’ असं म्हणून तो इतरांच्या निम्मा भाव सांगतो. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळून घट्ट होणारा टिकाऊ रंग. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, लवकर वाळणारा पण थिनरने पुन्हा विरघळणारा स्वस्त रंग. गाडी चकाचक होऊन बाहेर पडते. पावसाळा सरता सरता चाकावरच्या पत्र्याला फोड येतात, आणि बोटाने दाबलं की आतून तांबडं पाणी निघतं.

हात मारला जातो तो रंगाच्या आधी. सडलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करण्यात वेळ जातो, म्हणून भोकात जाळी नाहीतर वर्तमानपत्राचा बोळा कोंबून वरून फिलर (खड्डे बुजवायची पुटी) थापतात. फिलर 2-3 मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. तो पाणी पितो, म्हणून प्रायमर (रंगाआधीचा अस्तर थर) लागेपर्यंत कोरडाच घासायचा. पाणी मारून घासला की गंजाची सोय आपणच केली. फिलर घट्ट करणारा हार्डनर वजनाच्या साधारण 2 टक्के घालतात. कमी पडला तर फिलर मऊ राहतो, जास्त झाला तर वरच्या रंगातून डाग उमटतात. फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे ते सुटतं, तिथे खाली फिलरचा जाड थर आहे.

गंज घासून उघडा केलेला पत्रा रात्रभर ठेवला, तर कोकणासारख्या दमट हवेत सकाळी पुन्हा तांबूस दिसतो. एपॉक्सी प्रायमर त्याच दिवशी बसला पाहिजे. सुटा गंज तसाच ठेवून रेड ऑक्साइड (तांबडा प्रायमर) फासतात, ती शुद्ध धूळफेक.

आता खुद्द रंग. पीयूचे डबे दोन: रंग आणि हार्डनर. प्रमाण डब्यावर छापलेलं असतं, 4:1 किंवा 2:1. डबे स्वतः आणा, सील समोर फोडायला लावा. छोट्या टेम्पोची केबिन आणि हौद्याची बाहेरची बाजू, 2 कोट, याला अडीच-तीन लिटर लागतो. हार्डनर वाचवून दुसऱ्या गाडीला वापरला, की रंग महिनाभर चिकट राहतो आणि धूळ धरतो.

स्प्रे गनमध्ये भरलेला रंग आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर मारून घ्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी कापसावर एनसी थिनर घेऊन चोळा. एनसी रंग कापसाला येतो, इनॅमल मऊ पडून सुरकुततो, नीट जमलेला पीयू जवळजवळ तसाच राहतो. ही चाचणी गाडी रंगवण्याआधीची. नंतर भांडून उपयोग नाही, पेंटर ‘ऊन लागलं’ म्हणतो.

पैसे टप्प्याने द्या: पत्रा उघडा केल्यावर, प्रायमरनंतर, आणि शेवटचा हप्ता धुऊन उन्हात पाहिल्यावर. उघड्या पत्र्याचे फोटो मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे गाडी ठेवू नये.

रंग बदलणार असाल तर आरटीओत नोंद करून आरसीवर नवा रंग चढवावा लागतो. ‘ते मी बघतो’ या शब्दावर जाऊ नका. चासी नंबरावर आधी ग्रीस आणि टेप लावायला सांगा. काळ्या रंगाखाली आकडे बुजले तर पासिंग अडतं, आणि ते ग्राइंडरने उघडायला गेलात तर नंबरात फेरफार केल्याचा संशय तुमच्यावरच येतो. बुजलेच तर थिनर आणि मऊ ब्रशने हळू साफ करा.