शिरोरेषा वाकली तेव्हा: डोळ्यातल्या लेन्सचा नऊ महिन्यांचा अनुभव

काल टेबलाचा खण आवरताना डोळ्यांत घालायच्या औषधाच्या अकरा बाटल्या निघाल्या. एकही रिकामी नव्हती. एकदा उघडली की महिन्याभरात टाकून द्यायची, कारण पुढे तिच्यात जंतू वाढण्याची भीती असते. त्यामुळे निम्मं औषध शिल्लक असतानाही मी नवी बाटली आणत राहिले. काटकसरीत आयुष्य गेलेल्या माणसाच्या जिवाला हे फार लागतं. दहा बाटल्या टाकल्या, अकरावी बाजूला काढून ठेवली. हा अनुभव लिहायला बसले ती तिच्यामुळेच.

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नऊ महिने झाले. फेको पद्धत (छोट्या छेदातून अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून काढतात ती), घडी करून आत सोडतात ती मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराचं स्पष्ट दाखवणारी लेन्स, नंबर लांबचा धरलेला, वाचायला चष्मा. कुठली लेन्स घ्यावी यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यात मी भर घालत नाही. मी ३४ वर्षं मुद्रितशोधन करते आहे. अनुस्वार पडलाय का, रफार योग्य अक्षरावर बसलाय का, हे बघणं हेच माझं काम. हातातली पुस्तकं संपू देत म्हणून मी ऑपरेशन दोन वर्षं पुढे ढकललं आणि तेवढ्यात मोतीबिंदू पिकून कडक झाला. ही चूक माझी होती. पुढचं बरंचसं त्यातून आलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं की जग लख्ख दिसेल. मला समोरच्या डॉक्टरांचा चेहराही नीट दिसेना. खिडकीच्या काचेवर श्वास सोडला की जशी वाफ धरते, तशी वाफ धरलेली. त्या रात्री मी झोपले नाही. चांगला डोळा घालवून बसले, एवढंच मनात येत होतं.

ही वाफ म्हणजे बुबुळाची, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक भागाची (कॉर्नियाची) सूज. बुबुळाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो आणि तो बुबुळात शिरणारं पाणी सतत बाहेर उपसत असतो. तरुण वयात दर चौरस मिलिमीटरला साधारण अडीच ते तीन हजार पेशी असतात, वयाबरोबर कमी होत जातात, आणि गेलेल्या पेशी परत येत नाहीत. मोतीबिंदू जितका कडक तितकी तो फोडायला अल्ट्रासाउंडची ताकद जास्त लागते आणि या पेशींना तितका जास्त मार बसतो. त्या थकल्या की पाणी साचतं आणि नजर धूसर होते. हे सगळं मला ऑपरेशननंतर समजलं. आधी समजलं असतं तर दोन वर्षं थांबले नसते.

एक गोष्ट मात्र माझी मीच टिपली. सकाळी उठल्यावर सगळ्यात वाईट दिसायचं, दुपारी तीन-चारपर्यंत बरं. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांचा चेहरा खुलला. रात्रभर पापण्या मिटलेल्या असतात, बुबुळावरचं पाणी उडून जायला वाव नसतो, म्हणून सकाळी सूज जास्त. हे दुखणं बुबुळाचंच आहे, उतरेल, असं ते म्हणाले. मिठाच्या पाण्याचे ५ टक्क्यांचे थेंब सुरू झाले. चांगलेच झोंबतात. पण बाराव्या दिवशी सकाळी उठले आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे वाचले, फक्त उजव्या डोळ्याने. तेरा, चौदा, पंधरा मोठ्याने म्हटलं आणि रडले.

त्यानंतरचे तीन आठवडे या लेन्सला दहापैकी दहा. डावा डोळा मिटून कागद पाहिला तर निळसर पांढरा, उजवा मिटून पाहिला तर जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळट. इतकी वर्षं मी पिवळ्या कागदावर काम करत होते आणि मला पत्ता नव्हता. चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, तेव्हा डोळ्यात बसवायची लेन्स अस्तित्वातही नव्हती. जाड भिंगाचा चष्मा लावून त्यांना सगळं निळं निळं दिसायला लागलं आणि ते हैराण झाले. मला तो निळा रंग औषधासारखा वाटला. कानाच्या बाजूला दिसणारी काळी चंद्रकोरही याच काळात त्रास देत होती. लेन्सच्या कडेमुळे काहींना ती दिसते. दोन महिन्यांत माझं तिच्याकडे लक्ष जाईनासं झालं, म्हणून तिच्यावर जास्त लिहीत नाही.

चौथ्या आठवड्यात अक्षरांच्या तक्त्यावर नजर ६/९ आली, ६/६ म्हणजे पूर्ण. थेंब कमी करत आणले. मैत्रिणींना फोन करून सांगितलं, घाबरू नका, करून टाका.

सहाव्या आठवड्यात एका कवितासंग्रहाची प्रुफं हातात होती. मोठा टाइप, भरपूर मोकळी जागा. एका ओळीच्या मध्यावर नजर ठेवली तर तिथली शिरोरेषा खाली खचलेली दिसली. मला वाटलं छपाईत दोष आहे. पान बदललं, तिथेही तेच. जिथे बघावं तिथेच रेषा खचायची आणि डोळा सरकवला की खचलेली जागाही सरकायची. डाव्या डोळ्याने पाहिलं तर तीच ओळ सरळ. अक्षरं अंधुक नव्हती, मधोमध फिकी आणि बारीक झाली होती, कोणी बोटाने दाबल्यासारखी.

रुग्णालयात फोन केला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, डोळा लाल आहे का, दुखतोय का. मी नाही म्हटलं. "मग काही नाही काकू, वेळ लागतो, सगळ्यांना होतं. पुढच्या तारखेलाच या." तारीख अठरा दिवसांनी होती. तीन दिवसांनी पुन्हा फोन केला, पुन्हा तेच उत्तर. आठव्या दिवशी मी तारीख नसताना जाऊन बसले आणि डॉक्टरांना भेटल्याशिवाय हलणार नाही म्हणून सांगितलं. त्या मुलीवर माझा राग नाही. तिला जे दोन प्रश्न दिलेत ते ती विचारते. राग त्यांच्यावर आहे ज्यांनी तिला दोनच प्रश्न दिले. डोळा दुखत असेल, लाल असेल आणि नजर उतरत असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो, एक दिवसही थांबायचं नाही. विजा चमकल्यासारखं होणं, काळ्या ठिपक्यांचा एकदम वर्षाव होणं, बाजूने पडदा ओढल्यासारखं होणं, यातलं काही झालं तरी त्याच दिवशी जायचं, कारण आतला पडदा सुटत असू शकतो. पण आधी आलेली नजर पुन्हा कमी होत असेल तर न दुखताही काहीतरी बिघडलेलं असतं, आणि तो प्रश्न त्यांच्या यादीत नव्हता. फोनवर नेमकं हेच वाक्य म्हणा: "नजर आली होती, आता परत गेली." "अंधुक दिसतंय" असं म्हटलं तर तुम्हाला वेळ लागतो म्हणूनच सांगतील.

ओसीटी केलं, म्हणजे पडद्याच्या थरांचा प्रकाशाने काढलेला स्कॅन. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग, ज्याने आपण वाचतो तो मॅक्युला, सुजलेला निघाला. तिथली जाडी एरवी अडीचशे ते पावणेतीनशे मायक्रॉन असते, मशीनप्रमाणे थोडा फरक. माझी ४३८. ऑपरेशनमुळे डोळ्यात जो दाह होतो त्याने बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि पडद्यात त्याचे बारीक फुगे धरतात. ऑपरेशननंतर चार ते बारा आठवड्यांत हे दिसू लागतं, म्हणजे माणूस निर्धास्त झालेला असतो नेमका तेव्हा. मधुमेह असणाऱ्यांना धोका जास्त. मला मधुमेह नाही, तरी झालं. दाह कमी करणारे थेंब पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

आता ती बाटली. त्या संध्याकाळी मुलगी थेंब घालायला बसली. तिने बाटली उचलून दिव्यासमोर धरली आणि म्हणाली, "आई, हिच्या तळाशी काहीतरी बसलंय." मी चष्मा लावून पाहिलं. वर स्वच्छ पाणी आणि खाली पांढरा गाळ, पिठासारखा, बाटलीच्या कोपऱ्यात घट्ट धरलेला. ती प्रेडनिसोलोन ॲसिटेटची, म्हणजे दाह कमी करणाऱ्या स्टेरॉइडची बाटली होती. हे औषध पाण्यात विरघळत नाही, तरंगत असतं, आणि बाटली ठेवून दिली की खाली बसतं. प्रत्येक वेळी हलवून घालावं लागतं. सूज उतरवणाऱ्या नेपाफेनॅकचंही तसंच. मी पाच आठवडे, सुरुवातीला दिवसातून सहा वेळा, बाटली हळूच उचलून, जराही न हलवता, वरचं पाणी डोळ्यात घालत होते. औषध तळाशी बसून होतं.

बाटलीवर हलवायची सूचना होती. तांदळाच्या दाण्याच्या निम्म्या उंचीच्या इंग्रजी अक्षरांत, चकचकीत कागदावर. ज्याच्या डोळ्याचं काल ऑपरेशन झालंय त्याने ती वाचायची होती! रुग्णालयाच्या कागदावर सहा वेळा, चार वेळा, तीन वेळा असा सुरेख तक्ता होता. हलवा हा एक शब्द त्यात नव्हता. तीन अक्षरं. सगळं आयुष्य मी दुसऱ्यांच्या मजकुरातली राहून गेलेली अक्षरं शोधली, त्यामुळे ही तीन अक्षरं मला कोणापेक्षाही जास्त टोचली.

पुढच्या भेटीला मी बाटली घेऊन गेले आणि टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी टाळाटाळ केली नाही. त्यांनी सांगितलं की थेंब अगदी बिनचूक घालूनही ही सूज काहींना येते, आणि तुमची त्यामुळेच आली असं मी म्हणू शकत नाही, आली नाही असंही म्हणू शकत नाही. सुरुवातीला मला ही पळवाट वाटली. घरी येऊन खूप बोलले मी त्यांच्याबद्दल. आता तसं वाटत नाही. ऑपरेशन कडक मोतीबिंदूचं होतं, वेळ जास्त लागला होता, दाह तसाही जास्तच होणार होता. बाटलीमुळेच झालं हा माझा हट्ट मी सोडला आहे. पण तो शब्द कागदावर यायला हवा हा हट्ट सोडलेला नाही, आणि सोडणारही नाही.

थेंबांचं आणखी थोडं सांगते, कारण तिथे माझं बरंच औषध फुकट गेलं. एका थेंबात ३० ते ५० मायक्रोलिटर औषध असतं आणि डोळ्यात जेमतेम ३० मावतं. म्हणजे "एक नीट पडला नसेल" म्हणून घातलेला दुसरा थेंब गालावरून ओघळण्यासाठीच असतो. खालची पापणी ओढून खाच करायची, त्यात एकच थेंब, डोळा मिटायचा, आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरायचा म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरं औषध पाच मिनिटांनी, नाहीतर ते पहिल्याला धुऊन काढतं. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. एवढं केल्यावर एक बाटली आधीपेक्षा कितीतरी जास्त दिवस पुरते.

सूज उतरायला साडेचार महिने लागले. ४३८ वरून ३९०, मग ३४१, मग एकदा ३४१ च पुन्हा. त्या दिवशी मी परतीच्या वाटेवर कोणाशी बोलले नाही. मध्येच स्टेरॉइडमुळे डोळ्यातला दाब २७ वर गेला. एरवी तो १० ते २१ मध्ये असतो. मग दाब उतरवायची आणखी एक बाटली आली. ज्यांना हे थेंब लांबतात त्यांनी दर भेटीला दाब मोजून घ्यावा, तो वाढलेला आपल्याला कळत नाही. काम मी अगदी बंद केलं नाही. टाइप दीडपट करून मागवला, ओळीखाली काळी पट्टी धरली, वीस मिनिटांवर गेले नाही. कवितासंग्रह मात्र परत केला. तो मला फार आवडला होता.

रोज सकाळी मी एकच परीक्षा घ्यायचे. डावा डोळा हाताने झाकायचा आणि भिंतीवर चिकटवलेली ओळ पाहायची. डॉक्टरांनी चौकटींचा छापील कागद दिला होता, पण माझा विश्वास शिरोरेषेवर. ती एक दिवस सरळ झाली असं नाही झालं. खचलेली जागा उथळ होत गेली आणि एका सकाळी मला ती शोधावी लागली.

आठव्या महिन्यात पुन्हा धूसर झालं. हात कापायला लागले. पण ओळ पाहिली तर रेषा सरळ. आणि धूसरपणा सकाळ-दुपार सारखाच, रात्री समोरच्या गाडीचे दिवे पसरायचे. म्हणजे बुबुळ नाही, मॅक्युलाही नाही, हे माझं मलाच कळलं. डॉक्टरांनी दुजोरा दिला: लेन्स ज्या पिशवीत बसवतात तिची मागची बाजू गढूळ झाली होती. यॅग लेसरने तिला मधोमध वाट केली. पाच मिनिटंही लागली नाहीत, दुखलं नाही, चार दिवस बारीक ठिपके तरंगले. इतकं साधं काही या डोळ्याच्या वाट्याला येईल असं मला वाटलंच नव्हतं. घरी येऊन त्याच संध्याकाळी आठ पानं वाचली.

आज नजर चष्म्याने ६/६ च्या जवळ. जोडाक्षरं दाट असली तर उजव्या डोळ्याला क्षणभर जास्त लागतो, तो बहुधा लागणारच. लेन्सबद्दल माझी एकही तक्रार नाही.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, त्याच डॉक्टरांकडे. मोतीबिंदू अजून मऊ आहे, या वेळी थांबले नाही. उजव्याचा इतिहास बघून सूज रोखणारे थेंब ऑपरेशनच्या आधीच सुरू करायचे आणि नंतरही जास्त दिवस चालू ठेवायचे असं ठरलंय, सहाव्या आठवड्यात ओसीटी तक्रार नसली तरी. रुग्णालयाच्या थेंबांच्या तक्त्याचं प्रूफ मी स्वतः तपासून दिलं आहे. वरच्या ओळीत, चोवीस पॉइंटमध्ये, "बाटली हलवा" घातलंय. छापून आलं की नाही ते त्या दिवशी कळेल.

ती जुनी बाटली त्या दिवशी पर्समधून नेणार आहे.