स्पर्शाने खेळायचा बुद्धिबळाचा पट : दृष्टिहीन मुलांच्या मैत्रीच्या कसोटीवर

दृष्टिहीन खेळाडूंसाठी बनवलेला बुद्धिबळाचा लाकडी पट आम्ही गेल्या वर्षी आमच्या चौथीतल्या मुलीसाठी घेतला. शाळेत तिच्याशी सगळे प्रेमाने वागत, वर्गातल्या मुली हात धरून तिला नळापर्यंत नेत, तिचे दप्तर उचलून देत. परंतु सुट्टी लागली की सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरी एकही जण येत नसे. मदत करणाऱ्या मुली पुष्कळ होत्या, पण तिच्याशी भांडणारी, हरल्यावर रुसणारी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक मारणारी मैत्रीण नव्हती. हा पट ती उणीव भरून काढण्यास कितपत उपयोगी पडतो, एवढेच मला येथे नोंदवायचे आहे.

पटाची रचना चांगली आहे. काळी घरे पांढऱ्या घरांपेक्षा सुमारे ३ मिलिमीटर उंच आहेत, प्रत्येक घराच्या मध्यभागी छिद्र आहे आणि प्रत्येक मोहऱ्याच्या तळाशी त्यात बसणारी खुंटी आहे. काळ्या मोहऱ्यांच्या माथ्यावर बारीक उंचवटा असल्यामुळे मोहरे कोणाचे हे बोटांना लगेच कळते. डोळस खेळाडूने मोहऱ्याला हात लावला की तेच खेळावे लागते. दृष्टिहीनांच्या नियमांत मात्र मोहरे छिद्रातून वर काढल्यावरच स्पर्श झाला असे मानतात, त्यामुळे पटावरून कितीही वेळा बोटे फिरवून डाव समजून घेता येतो. ही सवलत म्हणजे दया नव्हे. डोळस मूल जे एका नजरेत पाहते, ते पाहण्याचा हा दुसरा मार्ग आहे.

मैत्रीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ठरला तो दोन पटांचा नियम. दृष्टिहीन खेळाडू आपल्या पटावर खेळतो, डोळस प्रतिस्पर्धी साधा पट घेऊ शकतो, प्रत्येक खेळी मोठ्याने सांगितली जाते आणि समोरच्याने ती पुन्हा उच्चारून आपल्या पटावर करायची असते. दोन मुले शेजारी बसूनही एकमेकांशी न बोलता तासभर घालवू शकतात, असे अनेक खेळांत घडते. येथे मात्र बोलल्याशिवाय डाव पुढे सरकतच नाही. पटाच्या उभ्या पट्ट्या a ते h या रोमन अक्षरांनी आणि आडव्या ओळी १ ते ८ या अंकांनी ओळखतात. त्या अक्षरांऐवजी आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ॲना, बेला, सीझर, डेव्हिड अशी नावे वापरतात. आमच्या मुलीने आणि तिच्या वर्गातल्या एका मुलीने त्यांच्या जागी वर्गमित्रांची नावे ठेवली आहेत, आणि कोणाच्या पट्टीत वजीर सापडला यावरून होणारे हसणे स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येते. मोहरे खुंटीने पक्के बसत असल्यामुळे अर्धवट डाव तसाच कपाटावर ठेवता येतो. तो पुरा करण्यासाठी ती मुलगी पुढच्या शनिवारी आपणहून येते, आणि हल्ली पट पिशवीत घालून आमची मुलगीही तिच्या घरी जाते. पालकांना एक आग्रहाची विनंती करावीशी वाटते : नियम शिकवून झाले की त्या खोलीतून उठावे. मोठे माणूस शेजारी असले की दुसरे मूल त्याच्याकडे पाहून बोलते, आणि आपले मूल नकळत संभाषणाबाहेर राहते.

सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. भाऊसाहेब पडसलगीकरांनी येथे हा खेळ रुजवला, बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे-ठिपसे याच गावच्या. म्हणून ‘आमच्याकडे बुद्धिबळ खेळायला या’ असे निमंत्रण कोणत्याही घराला परके वाटत नाही. शाळांनीही हा पट घ्यावा असे मला मनापासून वाटते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये शिक्षणाबरोबर खेळ आणि करमणुकीच्या संधीही इतरांच्या बरोबरीने देण्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात खेळाच्या तासाला अशी मुले बहुधा कडेला बसवलेली दिसतात.

उणिवाही आहेत. सोबतचे माहितीपत्रक केवळ इंग्रजीत आणि छापील आहे. ज्याच्यासाठी वस्तू बनवली त्यालाच ते वाचता येऊ नये, हे मला अक्षम्य वाटते. ब्रेलमध्ये पहिल्या आठ रोमन अक्षरांच्या आणि १ ते ८ या अंकांच्या ठिपक्यांचा आकार सारखाच असतो, फरक असतो तो अंकाच्या आधी येणाऱ्या अंकचिन्हाचा. या पटाच्या कडांवर ते चिन्हच दिलेले नाही, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो. काही खुंट्या इतक्या घट्ट आहेत की मोहरे काढताना शेजारचे प्यादेही उपटून येते. पॉलिश पेपरने हलकेच घासल्यावर ती अडचण दूर झाली. सुटे मोहरे मिळत नाहीत, म्हणून एखादा घोडा हरवला तर पूर्ण संच पुन्हा घ्यावा लागेल.

किंमत साध्या पटापेक्षा बरीच जास्त आहे, तरी ती मला योग्य वाटते. हाताच्या स्नायूंवर पुरेसा ताबा नसलेल्या मुलांना मात्र खुंटी छिद्रात बसवणे कष्टाचे जाईल. त्यांच्यासाठी मोठ्या मोहऱ्यांचा चुंबकीय पट पाहावा.